टाळ, ऑर्गन की गिटार? : चर्चसंगीताच्या वादापलीकडे

रविवारी सकाळी मराठी मंडळीच्या उपासनेत एकाच बाकावर तीन पिढ्या बसलेल्या असतात. नारायण वामन टिळकांचे एखादे पद पेटी-तबल्यावर सुरू झाले की आजोबा डोळे मिटून डोलू लागतात. वडिलांना पाश्चात्य चालीवरचे, संथ आणि भारदस्त गीत म्हटल्याखेरीज उपासना पूर्ण झाली असे वाटत नाही. नातवंडांना मात्र गिटार, कीबोर्ड आणि ड्रमच्या साथीने, हात उंचावून, टाळ्या वाजवून गायचे असते. देव एक, शास्त्र एक, प्रभुभोजनही एकच. पण कोणती गीते घ्यायची आणि ती कशी म्हणायची, या प्रश्नावर मंडळीच्या कमिटीच्या बैठकीत आवाज चढतात.

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात मात्र त्याची किंमत मोठी असते. आपल्या गाण्याला जागा नाही असे वाटल्याने तरुण दुसऱ्या मंडळीची वाट धरतात. उलट, ज्या वास्तूत आपला बाप्तिस्मा झाला, लग्न लागले, तेथेच आपण परके झालो, अशी भावना घेऊन वृद्ध मागच्या बाकावर गप्प बसतात. ज्या गाण्याने माणसे जोडायची, त्याच गाण्यावरून ती दुरावतात. हा पेच आजचा नाही आणि केवळ मराठी मंडळीचाही नाही. तो सोडविण्याची सामग्री मात्र मराठी ख्रिस्ती इतिहासात विपुल आहे.

कालचे नवे, आजचे जुने

चर्चच्या इतिहासात संगीताविषयीची शंका फार जुनी आहे. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनात एक प्रामाणिक कबुली दिली आहे. गायिल्या जाणाऱ्या अर्थापेक्षा गाण्याचा गोडवाच आपल्या मनाला अधिक हलवून जातो, तेव्हा आपल्या हातून अपराध घडतो, असे त्याला वाटे. तरीही दुर्बल मनाला भक्तीकडे नेणारे साधन म्हणून त्याने गायनाला मान्यता दिली. पुढील सोळा शतकांतील बहुतेक वाद या दोन टोकांमध्येच घुटमळताना दिसतात.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेचे नेतेही या विषयावर एकमत नव्हते. मार्टिन ल्यूथर याने सर्वसामान्यांना त्यांच्या भाषेत गाता येतील अशी गीते रचली. त्याने दारूच्या गुत्त्यातील चाली उचलल्या, ही वारंवार सांगितली जाणारी गोष्ट दंतकथाच आहे. एका नाताळगीतासाठी त्याने लौकिक गाण्याची चाल घेतली होती; पण काही वर्षांनी तीही बदलून नवी चाल दिली. स्वित्झर्लंडमधील झ्विंग्ली हा स्वत: उत्तम वादक. असे असूनही त्याच्या प्रभावाखाली झुरिकच्या चर्चमधून ऑर्गन आणि गायन दोन्ही हद्दपार झाले. तेथील उपासनेत गायन परतण्यास १५९८ साल उजाडावे लागले. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात वाद्यांवाचून, एका सुरात, फक्त स्तोत्रे गायिली जात.

इंग्लंडमध्ये आयझॅक वॉट्स याने १७०७ मध्ये स्वरचित गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा बायबलमधील स्तोत्रे सोडून माणसाने रचलेले काव्य देवापुढे का गावे, असा आक्षेप घेतला गेला. आज त्याच वॉट्सची गीते ‘परंपरागत’ संगीताचा सर्वोत्तम नमुना मानली जातात. कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस यांनी १९०३ साली ग्रेगोरियन गायनाला आदर्श ठरवून पियानो, ढोल व झांजा यांसारख्या वाद्यांना मज्जाव केला. साठ वर्षांनी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला आणि लोकांच्या स्वत:च्या संगीतपरंपरांना उपासनेचे दार उघडून दिले. थोडक्यात, ज्याला आज ‘आमचे जुने, पवित्र संगीत’ म्हटले जाते, ते कधी ना कधी कोणाला तरी नवे आणि उथळ वाटलेले असते.

ओवी, अनुवाद आणि अभंग

मराठी प्रदेशात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. नवा धर्म स्वीकारताना गाणेही नवे स्वीकारावे लागते काय? इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी याचे उत्तर ‘ख्रिस्तपुराणा’ने दिले. जुनी पुराणे सुटली, मग त्यांच्या जागी आम्हांला काय, असा नवख्रिस्ती श्रोत्याचा प्रश्न या ग्रंथातच आला आहे. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये छापले गेले आणि गोव्यातील चर्चमधून त्याचे वाचन-गायन होत असे. चर्चमध्ये ओवी घुमली ती अशी, चारशे वर्षांपूर्वी.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते स्वत:ची गीते घेऊन. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) सुरू झाले. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी परिश्रमपूर्वक मराठीत गीते तयार केली. तथापि, त्यात एक तांत्रिक अडचण होती. इंग्रजी गीताची चाल शब्दांतील आघातांवर उभी असते, तर मराठी पद्य अक्षरांच्या ऱ्हस्व-दीर्घावर आणि मात्रांवर चालते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसविले की ऱ्हस्व अक्षर नको तेथे लांबते आणि दीर्घ अक्षर आखडते. अर्थ शुद्ध राहतो, पण कान अवघडतो. शिवाय अशी गीते पुस्तकात पाहून म्हणायची असल्याने अक्षरओळख नसलेला शेतकरी किंवा मजूर त्यापासून दूरच राही.

ही कोंडी फोडण्यासाठी अहमदनगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी पदे आणि कीर्तने रचून हा प्रकार रुजविला. त्याला काव्याची उंची दिली ती मात्र नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगत. त्यांच्या अभंगांत आणि पदांत ख्रिस्त परदेशी पाहुणा म्हणून येत नाही. तो माउली होऊन, गुरू होऊन येतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये या घराचे जे चित्र रेखाटले आहे, त्यातूनही कविता आणि भक्ती येथे किती एकजीव झाल्या होत्या, हे ध्यानात येते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी मंडळीने टिळकांची पदे आपलीशी केली म्हणून अनुवादित गीते फेकून दिली नाहीत. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात पाश्चात्य चालींवरची गीते आणि देशी पदे एकाच पुठ्ठ्यात नांदत आली आहेत. आज जो ‘आपला वारसा’ म्हणून सांगितला जातो, तो मुळातच तडजोडीचा, किंबहुना मनाच्या मोठेपणाचा वारसा आहे.

केडगावचा आक्रोश

उत्कट उपासनेचा विषय निघाला की ती परदेशातून आलेली लाट आहे, असे अनेकांना वाटते. पुणे जिल्ह्यातील केडगावचा इतिहास याला उत्तर देतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये आध्यात्मिक संजीवनाला प्रारंभ झाला. दुष्काळातून आणि निराधार अवस्थेतून वाचविलेल्या मुली व स्त्रिया तेथे तासन् तास प्रार्थना करू लागल्या. शेकडो कंठांतून एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना होई. कोणी रडे, कोणी पापांची कबुली देई, कोणी आनंदाने गाऊ लागे. लॉस एंजलिसमधील सुप्रसिद्ध पेंटेकॉस्टल जागृती १९०६ ची, केडगावची त्याआधीची. येथील मिशनरी मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेद्वारे ही वार्ता दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीला प्रेरणा देणारी ठरली.

या गोंगाटावर टीका झाली. शिस्तीची, शांततेची सवय असलेल्यांना तो भावनातिरेक वाटला. रमाबाई स्वत: संस्कृत विदुषी, पुराण सांगणाऱ्या घराण्यात वाढलेल्या आणि कमालीच्या तर्कनिष्ठ. तरीही त्यांनी या उद्गारांना पाश्चात्य शिष्टाचाराची फूटपट्टी लावली नाही. भारतीय माणसाला आपल्या स्वभावानुसार देवापुढे व्यक्त होऊ द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. मात्र मुक्ती मिशनमध्ये केवळ आक्रोश नव्हता. प्रार्थना आटोपली की दळण, विणकाम, छपाई, शेती, आजाऱ्यांची शुश्रूषा सुरूच असे. तेथील उत्कटतेची खूण आवाजाच्या पट्टीत शोधण्यापेक्षा निराधारांसाठी उघडलेल्या दारात शोधणे अधिक योग्य ठरेल.

वाद्यांना चिकटलेल्या आठवणी

असे असताना संगीतावरून माणसे इतकी कडवी का होतात? कारण सूर हा केवळ सूर नसतो. एखादे गीत आईच्या अंत्यविधीला म्हटलेले असते, एखादे पद तुरुंगासारख्या आयुष्यातून सुटका झाल्याच्या दिवसाचे असते. त्यावर बोट ठेवले की ते आठवणीवर ठेवल्यासारखे होते.

वाद्यांना तर सामाजिक इतिहासही चिकटलेला असतो. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजातील कुटुंबांची संख्या मोठी होती. गावगाड्यात वाजविण्याचे काम ज्यांच्यावर वंशपरंपरेने लादले गेले होते, त्यांच्यापैकी काहींना देशी वाद्यांपेक्षा चर्चमधला ऑर्गन आणि हातातले गीतपुस्तक सन्मानाचे प्रतीक वाटले असेल, तर त्यात नवल नाही. ‘देशी तेच आपले’ हे सूत्र म्हणूनच प्रत्येकाला सारखे लागू पडत नाही. तामिळनाडूतही हा गुंता दिसतो. तंजावरच्या वेदनायगम शास्त्रियार (१७७४-१८६४) यांनी कर्नाटकी धाटणीची ख्रिस्ती कीर्तने रचली आणि ती चर्चमध्ये रुळली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मदुराई येथील थिऑफिलस अप्पावू यांनी मात्र हे संगीत उच्चवर्णीयांचे असल्याचे सांगून दलितांच्या लोकगीतांना आणि लोकवाद्यांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न केला. म्हणजे ‘भारतीय’ संगीतातही कोणाचे भारतीय, हा प्रश्न उरतोच.

उलटपक्षी, ‘पाश्चात्य ते परके’ हे समीकरणही गोव्यात कोलमडते. तेथील चर्चशी जोडलेल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. याच परंपरेतून आलेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद समृद्ध केले. चारशे वर्षे घरात नांदलेले व्हायोलिन गोवेकराला परके कसे वाटावे?

हार्मोनियमची कहाणी तर याहून बोलकी आहे. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट घेतलेले हे वाद्य युरोपीयांबरोबर भारतात आले, कोलकात्यात हाताने भाता हलविण्याजोगे झाले आणि भजनापासून कव्वालीपर्यंत सर्वत्र शिरले. त्याच्या भाऊबंदांपैकी ऑर्गन मराठी संगीत रंगभूमीवर मानाने विराजमान झाला. भारतीय संगीताला ते मानवत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. आज मात्र मंडळीत ‘अस्सल भारतीय उपासना’ म्हटले की प्रथम पेटीच डोळ्यांपुढे येते. वाद्याला जात नसते आणि राष्ट्रीयत्वही नसते. ते त्याला माणसे देतात आणि कालांतराने बदलतातही.

कॅथलिक मंडळींनीही हा प्रवास अनुभवला आहे. फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून भारतीय पद्धतीची ख्रिस्ती भजने आणि नृत्यनाट्ये घडविली. मुंबईत १९६४ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेसमध्ये त्यांच्या कलेला व्यासपीठ मिळाले. १९६९ मध्ये आरती, पंचांगप्रणाम यांसारख्या भारतीय संकेतांना उपासनेत वाव देणाऱ्या बारा मुद्द्यांना रोमची संमती मिळाली, तेव्हा उत्साहाबरोबर विरोधही झाला. चर्चचे ‘हिंदूकरण’ होत असल्याची तक्रार करणारे बाहेरचे नव्हते, तर भारतीय ख्रिस्तीच होते.

आजोबांचे भजन, नातवाचे कोरस

भांडणाऱ्या शैलींची रचना शांतपणे पाहिली तर एक गमतीचे सत्य हाती लागते. पाश्चात्य धाटणीच्या गीतात अनेक कडवी असतात. प्रत्येक कडव्याला तीच चाल, चार स्वरांची सुसंवादी बांधणी आणि विचारांची क्रमाने चढत जाणारी मांडणी. एकेक सिद्धान्त समजावून सांगण्यास ही रचना उत्तम. भजनात मात्र एकजण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. ध्रुवपद पुन:पुन्हा येते, लय हळूहळू वाढते आणि पुस्तक न उघडता मन त्यात रमते.

तरुणांचे आवडते कोरस यांपैकी कोणाच्या जवळचे आहे? थोडेच शब्द, वारंवार आवर्तन, वाढती लय, टाळ्या आणि देहाचा सहभाग ही वैशिष्ट्ये पाहता ते गंभीर पाश्चात्य गीतापेक्षा आजोबांच्या भजनाच्या अधिक जवळ जाते. ‘तीच ती ओळ कितीदा म्हणायची’ अशी तक्रार करणारे आजोबा स्वत: भजनात ध्रुवपद दहा वेळा घोळवत असतात. आणि ‘जुन्या पदांत जोश नाही’ म्हणणाऱ्या नातवाने तीच पदे झांज-मृदंगाच्या चढत्या लयीत क्वचितच ऐकलेली असतात. दुरावा शैलीपेक्षा अपरिचयाचा अधिक आहे.

शास्त्राची कसोटी

पवित्र शास्त्र याबाबत कोणत्याही एका पक्षाची बाजू घेत नाही. दीडशेव्या स्तोत्रात कर्णा, सतार, वीणा, डफ, नृत्य, तंतुवाद्ये, पावा, झांजा अशा साऱ्यांना स्तवनासाठी आवाहन आहे. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देहभान विसरून नाचला आणि त्याला तुच्छ लेखणाऱ्या मीखलकडे कथाकार सहानुभूतीने पाहत नाही. मात्र तेच शास्त्र आमोस संदेष्ट्याच्या तोंडून बजावते की, न्यायाला पारखी झालेली गाणी देवाला नकोशी होतात. पौल करिंथकरांना आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्यास सांगतो. सभेत जे घडेल त्याने सर्वांची उन्नती व्हावी, असा आग्रह धरतो. रोमकरांस पत्रात खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून एकमेकांचा न्याय करणाऱ्यांना तो परस्परांचा स्वीकार करण्यास सांगतो. तेथे ‘चाली’ हा शब्द नाही. पण तत्त्व तंतोतंत लागू पडते.

यावरून तीन साधे प्रश्न निघतात. गीताचे शब्द खरे आणि समजण्याजोगे आहेत काय? मंडळीतील सामान्य माणसाला ते गाता येते काय? आणि ते गाऊन बाहेर पडणारा माणूस शेजाऱ्याशी अधिक न्यायाने, अधिक प्रेमाने वागतो काय? या प्रश्नांवर टाळ, ऑर्गन आणि गिटार या तिघांनाही समान गुण मिळू शकतात आणि तिघेही नापास होऊ शकतात.

वाट कशी काढावी?

अनेक ठिकाणी जुन्यांची एक आणि तरुणांची एक अशा दोन स्वतंत्र उपासना ठेवून वाद मिटविला जातो. मोठ्या शहरांत जागेची आणि वेळेची ती गरजही असते. मात्र केवळ आवडीवरून केलेली विभागणी महागात पडते. आजी-नातवंडे एकत्र गाईनाशी झाली की श्रद्धेचा आणि मराठीचाही वारसा हातोहात पुढे जायचा मार्ग बंद होतो. एकाच उपासनेत गंभीर गीत, पद आणि नवे स्तवनगीत यांना सन्मानाने जागा देणे कठीण असले, तरी अधिक फलदायी आहे.

त्यासाठी काही व्यावहारिक पथ्ये उपयोगी पडतात. नवे गीत एकदम न लादता ते काही आठवडे शिकवावे. गाण्याची पट्टी मंचावरील गायकाच्या नव्हे, तर मंडळीच्या गळ्याला झेपेल अशी ठेवावी. ध्वनिवर्धक इतका मोठा नसावा की शेजाऱ्याचा आणि स्वत:चाही आवाज ऐकू येऊ नये. चर्चमधील बरेचसे ‘शैलीचे’ वाद हे वस्तुत: आवाजाचे वाद असतात. गीते निवडणाऱ्यांत वृद्ध आणि तरुण दोघेही असावेत. टिळकांच्या एखाद्या पदाचा अर्थ पाळकांनी दोन मिनिटांत उलगडून सांगितला, तर गिटार वाजविणारा मुलगा ते आवडीने बसवितो. तसेच ज्येष्ठांनी एक नवे गीत मनापासून शिकले, तर तरुणांना दहा उपदेशांपेक्षा ते अधिक भिडते.

मुख्य म्हणजे, आपल्या आवडीचे नसलेले गीत दुसऱ्यासाठी म्हणणे, हाही उपासनेचाच भाग आहे, ही जाणीव रुजली पाहिजे. आवडते गीत कोणीही उत्कटतेने म्हणतो. शेजारच्या बाकावरील म्हातारीला ज्या सुराने धीर मिळतो, तो सूर आपल्याला जुनाट वाटत असतानाही तिच्याबरोबर लावणे, किंवा नातवाच्या वेगवान गाण्याला सुरकुतलेल्या हातांनी टाळी देणे, यात अहंकार बाजूला ठेवावा लागतो.

स्टीफन्सनी ओवी स्वीकारली, टिळकांनी अभंग आणला, रमाबाईंनी आक्रोशाला वाट मोकळी करून दिली. त्या प्रत्येकाने आपल्या काळातील कोणाच्या तरी कानाला न रुचणारे काही तरी उपासनेत येऊ दिले आणि आज तेच मराठी मंडळीचे भूषण आहे. पुढच्या शतकात आजचे गिटारही ‘जुने’ होईल. तेव्हाच्या आजोबांना नव्या वाद्यांची तक्रार करताना आपल्या तरुणपणी मागच्या बाकावरून आलेली ती टाळी आठवली, तर आजचा समजूतदारपणा सार्थकी लागला असे म्हणता येईल.